एका प्रश्नाचा वकील

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वकील संघाच्या प्रमुख. माझ्या उजव्या हाताला बसलेले, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी काठी टेकत दोन जिने चढून आलेले निवृत्त न्यायाधीशसाहेब. व्यासपीठावरचे इतर सन्माननीय पाहुणे. न्यायालयाचे आजी-माजी कर्मचारी, बेलीफ, लघुलेखक आणि ज्यांच्या टेबलावरून माझी कधीही न सापडणारी कागदपत्रं नेहमी सापडत, ते अभिलेख कक्षातले मित्र. माझ्याबरोबर ज्यांचे केस पांढरे झाले ते वकील बंधू, आणि ज्यांचे माझ्याही आधी गेले तेसुद्धा. नव्या कोऱ्या काळ्या कोटातली तरुण मंडळी. आणि पहिल्या रांगेत डाव्या टोकाला बसलेली माझी पत्नी. आपणा सर्वांना नमस्कार.

अध्यक्ष महोदयांना आज मी 'आपण' म्हणतो आहे, याचं त्यांना हसू येतंय हे मला दिसतंय. त्या माझ्या कार्यालयात रुजू झाल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या आणि माझ्यामागे फायलींचा गठ्ठा सांभाळत चालायच्या. आज मी त्यांच्या मागून व्यासपीठावर आलो. काळाचा न्याय असा चोख असतो, त्यावर अपील नाही.

त्यांनी मला बोलायला वीस मिनिटं दिली आहेत. सहा वेळा निवडून आलेल्या माणसाला वीस मिनिटं देणं हे धाडसच आहे. पण आज मी कागद लिहून आणलाय, आणि तो घरी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलाय. भरकटणार नाही.

मघाशी सूत्रसंचालकांनी माझा परिचय 'एका प्रश्नाचा वकील' असा करून दिला आणि आपण टाळ्या वाजवल्या. हे नाव मला एकतीस वर्षांपासून चिकटलंय. पहिल्या निवडणुकीत भिंतींवर हेच रंगवलं होतं. विधानसभेत विरोधी बाकांवरचे मित्र 'एकप्रश्नी' म्हणून चिडवायचे. मी कायदा खात्याचा मंत्री झालो, तेव्हा वर्तमानपत्राच्या मथळ्यातही तेच होतं. पण तो प्रश्न नेमका कोणता होता, हे आता या सभागृहातल्या किती जणांना ठाऊक असेल? तरुण मंडळींना तर नक्कीच नसेल. नाव राहिलं आणि प्रश्न मागे पडला. माझ्या दृष्टीने ते फार सोयीचं झालं.

मानपत्र फार सुंदर लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांचं अक्षर आणि भाषा दोन्ही देखणी आहेत. संघाच्या पद्धतीप्रमाणे त्याचा मसुदा महिन्यापूर्वी माझ्याकडे तपासायला आला होता. सनावळ्या बरोबर आहेत का, एवढंच पाहायचं होतं. सनावळ्या बरोबर होत्या. दुसऱ्या परिच्छेदात म्हटलंय, की लिफ्ट दुर्घटनेच्या गाजलेल्या खटल्यात मी अशिलाची निर्दोष मुक्तता करवून घेतली. तिसऱ्यात म्हटलंय, की मंत्री असताना मी कारखान्यांच्या लिफ्टची वार्षिक तपासणी सक्तीची केली आणि त्यातून माझी दूरदृष्टी दिसते. चौथ्यात म्हटलंय, की या वाटचालीत मला पत्नीची मूक साथ लाभली.

मी ते तीन परिच्छेद वाचले आणि मसुदा उलटा करून ठेवला. तीन दिवस तो तसाच पडून होता. संघाच्या कार्यालयातून फोन आला, 'साहेब, मजकूर ठीक आहे ना?' मी म्हटलं, 'वेळ द्या जरा.'

मजकूर ठीक नव्हता. का, ते सांगतो.

एकतीस वर्षांपूर्वी आपल्या शहरात स्टेशनामागच्या गल्लीत कपडे शिवण्याचा चार मजली कारखाना होता. इमारत जुनी, जिना अरुंद. मालाची लिफ्ट होती आणि तिच्यातून माणसंही जायची, कारण दिवसात दहा वेळा जिना कोण चढणार? एका गुरुवारी दुपारी तिचा दोर तुटला. आत पाच जण होते. तीन शिलाई करणाऱ्या बाया, एक इस्त्रीवाला आणि एक गठ्ठे उचलणारा. पाचही गेले.

मालकांवर निष्काळजीपणाचा खटला उभा राहिला आणि वकीलपत्र माझ्याकडे आलं. मी तेव्हा सदतीस वर्षांचा होतो. चौदा वर्षं वकिली करून झाली होती. लोक 'बरा वकील आहे' म्हणायचे. तरुण मित्रांनो, बरा वकील असण्याइतकं बोचरं दुसरं काही नसतं. वाईट असलात तर निदान घरी तरी बसता येतं.

सरकार पक्षाकडे साक्षीदार पुष्कळ होते, पण एकेक करून सगळे गळाले. रोजगार गमावण्याची भीती कुणाला नसते? कुणी म्हणालं, मी त्या दिवशी रजेवर होतो. कुणी म्हणालं, यंत्रांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. उरली एकच साक्षीदार. तिसऱ्या मजल्यावरची सुपरवायझर. कारखान्यात तिला सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. वय माझ्यापेक्षा चार वर्षांनी जास्त. तिची खुर्ची लिफ्टच्या दाराला लागून होती. तिचं म्हणणं असं, की दोर आठवडाभर करकरत होता आणि तिने ते मालकांना दोनदा जाऊन सांगितलं होतं.

तिच्या साक्षीला तीन दिवस उरले असताना मालक माझ्या कार्यालयात आले. आता जे सांगतोय ते कायद्याने मी सांगता कामा नये. त्याबद्दल पुढे बोलेन. मालक खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्यापासून काय लपवायचं? बाईंनी मला सांगितलं होतं. दोनदा. दोर आवाज करतोय म्हणाल्या. मी म्हटलं, हंगाम संपू दे, मग बघू."

मी दार लावून घेतलं. म्हणालो, "हे पुन्हा कुणापाशी बोलू नका."

"पण त्या खरं सांगणार. मग काय करायचं?"

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

इथे तरुण मंडळींनी नीट ऐकावं. दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हा नाही. कुणी तरी तो करायलाच हवा, नाहीतर न्यायालयाची गरज काय? माझ्याकडे बचावाचा एक सरळ रस्ता होता. लिफ्टच्या देखभालीचा ठेका बाहेरच्या माणसांकडे होता, त्यांनी तपासणी केली नव्हती. त्यावर अकरा पानांचं टिपण तयार होतं, आणि ते कुणी तयार केलं होतं हे अध्यक्ष महोदयांना आठवत असेल, कारण अक्षर त्यांचं होतं. त्या रस्त्याने मालक कदाचित सुटले असते, कदाचित थोडी शिक्षा झाली असती. रस्ता लांबचा होता आणि खात्रीचा नव्हता. मला खात्रीचा हवा होता.

आता माझ्या घरात यावं लागेल. माझी पत्नी सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. त्या वेळी तिची नेमणूक नऊ नंबरच्या वॉर्डात होती. आपल्या शहरात त्या काळी नऊ नंबर म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. पोरंसोरं एकमेकांना चिडवताना म्हणायची, याला नऊ नंबरात घाला. मनाच्या आजारांचा वॉर्ड. दुर्घटनेच्या चारेक महिने आधीची गोष्ट. एका संध्याकाळी ती घरी आली ती हसतच. पिशवी ठेवायच्या आधी मला म्हणाली, "अहो, आज रस्त्यात कोण भेटलं माहितीये? दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक बाई होत्या. मूल दगावलं होतं त्यांचं, आठ दिवसांचं. सहा आठवडे होत्या आमच्याकडे. रात्रंदिवस बाळ रडतंय म्हणायच्या. आज भेटल्या तर ओळखू येईनात. स्टेशनामागच्या शिलाईच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यात. तीस बायकांचं काम बघतात."

तिच्या पेशात असा आनंद क्वचितच वाट्याला येतो. एखादा रोगी पूर्ण बरा होऊन रस्त्यात भेटतो आणि सिस्टर म्हणून हाक मारतो. तो आनंद ती घरी घेऊन आली होती. दुसऱ्या कुणाकडे नेणार?

मी तो जपून ठेवला. आणि मोठ्या बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या तेव्हा काढला.

हे सभागृह नवं वाटतं, पण खिडक्या जुन्याच आहेत. नवी इमारत होण्याआधी हे सत्र न्यायालयाचं दुसरं दालन होतं. न्यायाधीशसाहेब आज बसलेत जवळजवळ तिथेच तेव्हाही बसले होते. साक्षीदाराचा पिंजरा त्या तिसऱ्या खिडकीखाली होता. मी साधारण इथेच, आता उभा आहे तिथे.

सरकारी वकिलांनी सरतपासणी घेतली, तेव्हा बाई एका सुरात बोलल्या. न रडता, न वाढवता. दोर कसा आवाज करत होता, मालकांच्या खोलीत त्या कधी गेल्या, काय बोलल्या, सगळं. मी उठलो. पहिले चार-पाच प्रश्न इकडचे तिकडचे विचारले. मग विचारलं, "बाई, दोन वर्षांपूर्वी आपण सहा आठवडे सरकारी रुग्णालयाच्या नऊ नंबर वॉर्डात होतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नव्हे. त्यांना आधी कळलंच नाही, की हे इथे कुठून आलं. म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"प्रश्न मी विचारतो, बाई. आपण उत्तर द्या."

मागच्या बाकांवर दोघंतिघं हसले. त्यांतले एक-दोन आजही इथे आहेत. संकोचू नका, मीही मागे वळून हसलो होतो.

न्यायाधीशसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "वकीलसाहेब, हा प्रश्न आवश्यक आहे का?" मी कमरेत वाकून म्हणालो, "अत्यंत आवश्यक आहे, साहेब. साक्षीदाराच्या ऐकण्यावरच सरकार पक्षाची सगळी मदार आहे."

साहेबांनी परवानगी दिली. कायद्याने ते बरोबर होतं.

"होते," बाई म्हणाल्या.

"तेव्हा आपल्याला आवाज ऐकू येत?"

"हो."

"कसले?"

"बाळाच्या रडण्याचे."

"तिथे बाळ होतं?"

त्यांनी न्यायाधीशसाहेबांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नव्हतं."

"आणि लिफ्टच्या दोराचा हा जो आवाज, तोही आपल्याशिवाय दुसऱ्या कुणी ऐकला नाही. होय ना?"

हाच तो प्रश्न. यावरून माझं नाव पडलं.

बाईंनी काय उत्तर दिलं, ते कागदोपत्री नाही. कारण त्यांनी दिलंच नाही. पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून त्या उभ्या राहिल्या. साहेबांनी दोनदा विचारलं, "बाई, काही म्हणायचंय?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. खाली उतरताना पायरी चुकली, तेव्हा बेलिफाने हात दिला.

मालक निर्दोष सुटले.

एक मिनिट. अध्यक्ष महोदयांनी चिठ्ठी पाठवली आहे. मला वाटलं वेळ संपल्याची असेल. वेळेचं काही नाही. लिहिलंय, 'सर, हे इथेच बोलायला हवं का?'

हो. इथेच बोलायला हवं. ते मी ठरवलेलं नाही, हेही सांगतो.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटो होता. संध्याकाळी पत्नी कामावरून आली, ती हसत आली नाही. मोरीत हात धूत होती. माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "नऊ नंबरचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिला ठाऊक होतं. तरी विचारलं. वकिलाच्या घरात राहून तिलाही कळलं होतं, की काही उत्तरं समोरच्याच्याच तोंडून यावी लागतात.

मी म्हणालो, "तूच."

तिने नळ बंद केला. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून अधीक्षकांकडे गेली आणि रुग्णाची माहिती आपल्याच तोंडून बाहेर गेली, असं लिहून देऊन आली. चौकशी झाली, ताकीद मिळाली, बढती थांबली. ती कधीच मेट्रन झाली नाही. पुढे मी मंत्री झालो तेव्हा रुग्णालयातल्या लोकांनी तिला सांगितलं, आता तुमचं काम एका फोनचं आहे. तिने तो फोन मला करू दिला नाही.

आणि त्या 'बरं'नंतर तिने आपल्या कामाचा एक शब्द घरात काढला नाही. मी रोज विचारायचो, "आज काय झालं वॉर्डात?" ती म्हणायची, "नेहमीचंच." निवृत्त होईपर्यंत, अठरा वर्षं, नेहमीचंच. मानपत्र लिहिणाऱ्यांनी 'मूक साथ' लिहिलंय, ते त्यांच्याही नकळत अगदी तंतोतंत उतरलंय.

माझं मात्र पाऊल पुढेच पडत गेलं. पक्षाचे जिल्हाप्रमुख घरी आले. म्हणाले, "जो माणूस एका प्रश्नात खटला उलटवतो, त्याला आम्ही विधानसभेत नेणार." कारखानदार मंडळी मागे उभी राहिली. निवडून आलो. पुढचं सगळं मानपत्रात आलंच आहे. मी वाईट आमदार नव्हतो. तालुक्याची तीन न्यायालयं बांधली, गरिबांना मोफत वकील मिळावा म्हणून भांडलो. पण एका पारड्यात हे आणि दुसऱ्या पारड्यात ते, असा हिशोब मांडायला मी उभा नाही. मांडला तर तराजू माझ्याच हातात राहील.

मोठ्या बाईंचं काय झालं? कारखाना सुटला, हे उघडच आहे. दुसऱ्या कारखान्यांत गेल्या तर दारातूनच, 'नऊ नंबरवाल्या त्याच ना?' शेवटी घरीच मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायला लागल्या. नवरा आधीच सोडून गेला होता. भाऊ होता, त्याची मुलगी त्यांच्याजवळ वाढली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं.

खटल्याला नऊ वर्षं झाली होती. मी मंत्री होऊन वर्ष होत आलं होतं. दर मंगळवारी सकाळी मी लोकांना भेटायचो. रांग असायची, स्वीय सहायक एकेकाला आत सोडायचा. एका मंगळवारी मोठ्या बाई आत आल्या. केस पिकले होते, पण उभं राहण्याची ढब तीच. मी त्यांना दारातच ओळखलं. अगदी दारात.

त्या टेबलापाशी आल्या. "साहेब, ओळखलंत का?"

समोर दोन अधिकारी होते, एक पत्रकार होता. मी चेहरा कोरा ठेवला. चौदा वर्षांच्या वकिलीत आणि नऊ वर्षांच्या राजकारणात एवढं तर शिकलो होतो. म्हणालो, "नाही बाई. रोज शंभर माणसं भेटतात. काम सांगा."

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मग म्हणाल्या, "काम कागदावर आहे."

अर्ज एका पानाचा होता. वळणदार अक्षर. कारखान्यांच्या मालवाहू लिफ्टमधून माणसं जातात, त्यांची दर वर्षी सरकारी तपासणी व्हावी आणि दोर ठराविक मुदतीने बदलावा. खाली चाळीस बायकांच्या सह्या, काही अंगठे. स्वतःसाठी एक ओळही नव्हती.

मी म्हणालो, "बघतो." त्या नमस्कार करून गेल्या.

तो नियम मी चार महिन्यांत करून घेतला. भीतीने केला म्हणा, लाजेने म्हणा. सभागृहात मांडताना मी आकडा वाचून दाखवला. गेल्या नऊ वर्षांत राज्यात अशा लिफ्ट कोसळून सतरा माणसं दगावली आहेत. सभागृह गंभीर झालं. गेल्या नऊ वर्षांत. ही नऊ वर्षं कुठून मोजायची ते तिथे फक्त मला माहीत होतं. त्या खटल्यात एका मालकाला शिक्षा झाली असती, तर बाकीच्यांनी आपापले दोर वर मान करून पाहिले असते का? कदाचित नसतेही पाहिले. पण मी ती शक्यताच मारून टाकली होती, आणि सतराचा आकडा माझ्याच तोंडून, माझ्याच दूरदृष्टीचा पुरावा म्हणून वाचला गेला.

एका विरोधी सदस्याने विचारलं, "मंत्रिमहोदय, ही कल्पना आली कुठून?" मी म्हणालो, "माझ्या अभ्यासातून." बाकं वाजली.

तर महिन्यापूर्वी मानपत्राचा मसुदा आला. चौथ्या दिवशी सकाळी मी पत्नीला म्हणालो, "त्या बाई कुठे राहतात, शोधायला हवं." ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने गल्ली सांगितली, घर सांगितलं, खालच्या मजल्यावर कुलपांचं दुकान आहे हेही सांगितलं.

"तुला कसं माहीत?"

"मी जाते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

एकतीस वर्षं. मी त्याच घरात राहत होतो.

मी एकटाच गेलो. बाईंनी दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मशीनवर निळ्या गणवेशाची बाही अर्धी शिवून राहिली होती. मी पाठ करून गेलेलं सगळं बोललो. त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "सिस्टर पहिल्याच आठवड्यात आल्या होत्या. त्यांची तर काही चूकही नव्हती. तुम्हाला एकतीस वर्षं लागली. रस्ता तर वीस मिनिटांचा आहे."

मी म्हणालो, "बाई, मला माफ करा."

"इथे?" त्या म्हणाल्या. "मला वेडी ठरवलंत ते भरल्या कोर्टात, आणि माफी मागायला आलात माझ्या खोलीत, दार लावून?"

मी विचारलं, "मग काय करू? आमच्या संघाचा समारंभ आहे, त्याच जागेत आहे. आपण याल का? आपल्यासमोर बोलतो."

त्यांनी बाही हातात घेतली, सुईदोऱ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "मी कशाला येऊ? मला ते माहीतच आहे. मी तर तेव्हाच सांगितलं होतं. ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही, त्यांना सांगा."

म्हणून इथे. म्हणून आज.

हा कागद लिहून झाल्यावर मी पत्नीला वाचायला दिला. तिने एकच दुरुस्ती केली. मी लिहिलं होतं, 'साक्षीदार ही मनोरुग्ण होती.' तिने ती ओळ खोडून वर लिहिलं, 'साक्षीदार आजारी पडून बरी झालेली होती.' मग पेन खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या कोर्टात हे कुणीच विचारलं नाही. बरी झाली होती का?"

खरंच नाही विचारलं. सरकारी वकिलांनी नाही, न्यायालयाने नाही. आणि मला तर उत्तर आधीच माहीत होतं.

तेव्हा आता या जागेवरून, सर्वांसमक्ष सांगतो. मोठ्या बाई खरं बोलत होत्या. दोर आवाज करत होता. त्यांनी मालकांना दोनदा सांगितलं होतं आणि मालकांनी ते माझ्याजवळ कबूल केलं होतं. त्यांच्या कानांत काही दोष नव्हता, मनात नव्हता. लिफ्ट तपासणीचा नियम त्यांच्या अर्जावरून झाला, माझ्या अभ्यासातून नाही. आणि त्या मंगळवारी मी त्यांना ओळखलं होतं.

न्यायाधीशसाहेब, आपण मला विचारलं होतं, हा प्रश्न आवश्यक आहे का. मी चुकीचं उत्तर दिलं. आवश्यक नव्हता, साहेब. आपण मान हलवू नका, आपला त्यात दोष नाही. आपण विचारलं तरी होतं.

मालक आज हयात नाहीत. त्यांच्या चिरंजीवांना मी मागच्या आठवड्यात भेटून हे बोलणार असल्याचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबा शेवटी शेवटी लिफ्टमध्ये बसत नसत. आम्हाला कारण कळलं नव्हतं." त्यांना आजचं निमंत्रण होतं. ते आलेले नाहीत. त्यांच्यावर कुणी राग धरू नये.

आता मघाशी म्हटलं ते. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या मृत्यूनंतरही उघड करायची नसते. हा आपल्या व्यवसायाचा कणा आहे, आणि तो मोडू नये असं मी आजही मानतो. पण तो मी आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत मोडला. तरुण मित्रांनी याचं अनुकरण करू नये. त्यांनी असं वागावं, की एकतीस वर्षांनी असा कणा मोडायची पाळीच येऊ नये. पण जो मोडतो त्याने परिणामही भोगायला हवा. अध्यक्ष महोदया, ही माझी वकिलीची सनद आणि हे पत्र. पत्रात मी काय केलं ते लिहिलं आहे, तेव्हाचंही आणि आजचंही. ते पुढे पाठवायचं काम तुमच्या पदाचं आहे. जुने सर आहेत म्हणून टेबलाच्या खणात ठेवू नका. तुमचं अकरा पानांचं टिपण मी खणातच ठेवलं होतं.

मानपत्र मी आज घरी नेणार नाही. रागाने नाही, लिहिणाऱ्यांचा अनादर म्हणूनही नाही. दुसरा आणि तिसरा परिच्छेद पुन्हा लिहावे लागतील. ते लिहून, त्यानंतरही द्यावंसं वाटलं तर द्या. वाटणार नाही, हेही मी समजू शकतो.

आपण सगळे आपली कामं बाजूला ठेवून आलात. न्यायाधीशसाहेब या वयात जिने चढून आले. संघाच्या कर्मचाऱ्यांनी सकाळपासून खुर्च्या मांडल्या, ध्वनिवर्धकवाल्यांनी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवला. एरवी मी एवढी काळजी करत नाही, आज करत होतो. या सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. समारंभ गोड व्हावा अशी आपली इच्छा होती. ती मी पुरी होऊ दिली नाही.

भाषणात काही उणंअधिक बोललो असेन, कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर ते पोटात घालावं, एवढी विनंती करतो. भाषणाबाहेर जे केलं, ते मात्र पोटात घालू नका.

नमस्कार.